अंगणाच्या मापाचं मशीन

आई,

आम्ही गवत कापायचं मशीन घेतलं. एवढं एक वाक्य तुला सांगायला मला बरेच दिवस लागले. तू समोर असतीस तर मी ते सांगितलंच नसतं, चहाचा कप तोंडाला लावून विषय बदलला असता. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता काही तू मला मध्येच थांबवून "व्हय, पर कशापायी?" असं विचारणार नाहीस. तुझ्या त्या 'कशापायी'ला मी लहानपणापासून टरकून होते. पुढे शाळेत बाई झाले, मुख्याध्यापिका झाले, वर्गभर पोरींना नुसत्या नजरेने गप्प करायला शिकले, पण मुरगूडला घरी आले आणि तू चुलीपुढून तेवढं एक विचारलंस की माझी बोबडी वळायची. आता उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते सांगायला लाज वाटते, म्हणून लिहिते आहे.

तू आमचं हे घर पाहिलं नाहीस. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या बाहेरच्या अंगाला, जिथे परवापरवापर्यंत ऊस उभा होता, तिथे आम्ही बांधलं. पुढे अंगण, त्यात चिकू, कढीपत्ता, दोन नारळ. घर आणि कंपाउंडच्या मध्ये एक अरुंद बोळ, मागे उताराची जागा. जावई तुला ठाऊक आहेतच, चंदगडचे, त्यांना पाऊस आणि गवत यांचं काही विशेष वाटत नाही. "आमच्याकडे कौलांवरसुद्धा उगवतं," एवढं बोलून ते पेपर वाचायला मोकळे. पहिल्या पावसाळ्यात गवत गुडघ्याच्या वर गेलं, आणि एका सकाळी फाटकाशी एक बाई उभी राहिली. शेजारी जुनं गावठाण आहे, शहराने चारी बाजूंनी वेढलेलं, तिथली. हातात विळा, खांद्यावर दोरी. "बाई, गवत लई माजलंय की. कापून न्हेऊ? म्हशीला हुईल." मी हो म्हणेपर्यंत तिने फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. तू बांधावर अशीच उभी राहायचीस. मालक मान हलवेपर्यंत तुझा पाय बांधावरच, आणि तुझ्या मागे, तुझ्या पदराआड, मी.

आम्ही त्यांना वहिनी म्हणायला लागलो. घरात त्या, ड्रायव्हरकी करणारा नवरा, म्हातारी सासू आणि एक म्हैस. नवऱ्याची फेरी कधी लागते, कधी लागत नाही, घर चालतं ते म्हशीवर. कारखाने सुरू असले की उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाडं मिळतं, ते संपलं की वैरणीची मारामार, आणि पावसाळ्यात असं दारोदारचं गवत. आमचं दूधही त्यांच्याच गोठ्यातून येतं, हे रोज सकाळी किटली घेऊन जातात. म्हणजे आमच्या अंगणातलं गवत आमच्याच चहात. यात कुणी कुणाचं देणं लागत नव्हतं, सगळं कसं छान चाललं होतं. चाललं नव्हतं ते फक्त माझं. वहिनी उकिडव्या बसून कापायला लागल्या की मला व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवेना. आत जावं तर आतही चैन पडेना. विळ्याचा तो कर्रकर्र आवाज, मुठीतलं गवत मागे टाकायची ती लकब, मध्येच मनगटाने कपाळ पुसणं. मी पेपर धरून बसायची आणि तासभर एकच पान उघडं असायचं.

तुला खरं सांगते, आपल्या समाजाची मला कधी लाज वाटली नाही. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून माझा हात धरून तू विहारात जायचीस ना, तेव्हाची तुझी ताठ मान माझ्यात उतरली. नोकरीत कुणी आडून आडून विचारलं तर मी समोरून, मोठ्याने सांगत आले. विळ्याचं मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही. निवृत्तीच्या सत्काराला माईक हातात घेऊन मी तुझ्याबद्दल बोलले, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या आईने अपार कष्ट केले," म्हणाले. कष्ट हा फार सोयीचा शब्द आहे, धुऊन इस्त्री केलेला, स्टेजवर चालतो. तू दुसऱ्यांच्या बांधावरचं गवत कापून डोक्यावर भारा घेऊन मुरगूडच्या बाजारात विकायला बसायचीस, आणि गवताने चिरलेले माझे हात दिसू नयेत म्हणून मी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं घालून शाळेत जायची, हे काही मी त्या माईकवर बोलले नाही. मुलालाही कधी सांगितलं नाही. त्याला वाटतं आजी शेती करायची.

मागच्या श्रावणात वहिनींनी मोठा भारा बांधला. रोज सासू यायची हात लावायला, त्या दिवशी ती आली नव्हती. वहिनी इकडेतिकडे बघायला लागल्या. मी पायऱ्या उतरून कधी गेले, मला कळलं नाही. भाऱ्याखाली गुडघा घातला, एक हात दोरीत, एक हात बुडाला, आणि त्या वाकल्या तसा तो वळवून अचूक त्यांच्या डोक्यावर ठेवला. चुंबळीवर बसलाय की नाही ते बोटाने चाचपूनही पाहिलं. साडीला सगळी कुसळं. वहिनी भाऱ्याखालून माझ्याकडे बघून हसल्या. "हात सरावाचा दिसतोय की बाई. तुमच्यात कोन गवत कापायचं व्हय?" किती मायेने विचारलं होतं. त्यांना आनंदच झाला असता. आणि मी, वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरींना बाकावर उभं करणारी बाई, काय म्हणाले? "छे हो. आमच्यात कुणी नाही. शाळेत खेळ शिकवायचे ना, त्यामुळे." खेळ मी आयुष्यात कधी शिकवले नाहीत. वहिनी "बरं बरं" म्हणून गेल्या.

त्याच आठवड्यात मी यांच्यामागे लागले, की अंगणात व्यवस्थित लॉन करूया आणि मशीन घेऊया. पुण्याहून मुलाने उचलून धरलं. हे तर हरखलेच, निवृत्त माणसाला मोजायला काहीतरी मिळालं. मीटर-टेप घेऊन दोन दिवस अंगणात फिरत होते, दर थोड्या वेळाने आत येऊन "नारळात आणि भिंतीत किती अंतर आहे, अंदाज सांग बघू" असं परीक्षा घेतल्यासारखं विचारायचे. मग आम्ही उद्यमनगरात एका दुकानात गेलो. दुकानदाराला मशीन विकायची घाईच नाही. "पावणं, आधी फाटक किती रुंद हाय ते सांगा. मशीन घरात न्हेलं अन् बोळात शिरंना म्हणून परत आणणारी लई बघितल्यात मी." मग त्याने एक मशीन उलटं करून दाखवलं. खालचं लोखंडी झाकण, ज्याच्या पोटात पातं फिरतं, तो डेक. त्या डेकची जेवढी रुंदी, तेवढी पट्टी एका फेरीत कापली जाते. मला तू शेतात तण भांगलायला बसायचीस ते आठवलं. बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढी पात धरायची आणि ती पार टोकाला न्यायची, मग परत फिरायचं. तसंच आहे हे, फक्त बसायचं नाही.

हे एकवीस इंची डेकच्या प्रेमात पडले. फेऱ्या कमी, काम लवकर. दुकानदार म्हणाला, "मोकळं, सपाट मैदान असंल तर ह्योच घ्या. पर तुमच्यात झाडं हाईत, उतार हाय. रुंद डेक उंचवट्यावर आला की मधली माती खरवडतोय, पावसात वलं गवत आत अडकून बसतंय. अन् भिंतीच्या कडंला, बुंध्याला वीतभर गवत ऱ्हातंयच, ते विळ्यानं काढाय लागतंय. ह्यो सोळा इंची बघा, कुठल्या बी कोपऱ्यात शिरतोय. फेऱ्या जरा जास्त माराय लागतील, पर मागं काय शिल्लक ऱ्हात न्हाय. मग कुणाला बोलवाय नको." यांनी माझ्याकडे पाहिलं. "मोठंच घेऊया ना," म्हणाले. "कडेचं आणि मागच्या उताराचं गवत राहिलं तर राहिलं. वहिनी नेतील, त्यांच्या म्हशीचंही भागेल." इतकं साधं होतं ते. जावई म्हणून तू त्यांना नावाजायचीस ते उगीच नाही. मी मात्र दुकानदाराकडे वळून म्हणाले, सोळा इंचीच द्या, आमच्या अंगणाला तेच योग्य आहे. आणि योग्यच होतं, आई, कुठलाही शहाणा माणूस तेच सांगेल. मी ते घेतलं ते मात्र कुणाला बोलवायला लागू नये म्हणून.

वहिनींना मी फाटकातच गाठलं. आवाजात साखर घालून म्हणाले, "आता तुम्हाला त्रास नको हो. आम्ही मशीन आणलंय." त्या म्हणाल्या, "तरास कसला त्यात?" मग त्यांना कळलं. विळा त्यांनी पाठीमागे धरला, जसं दुसऱ्याचं काही चुकून आपल्याकडे राहिलं असावं. "बरं बरं. मी माळाकडं बघतो मग. लांब हाय, पर हुईल." जाताना वळून विचारलं, "त्याचं गवत कुठं जातंय ओ?" मी म्हटलं मागे पिशवी असते, तिच्यात. "ते तरी मिळंल व्हय?" मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, मिळेल की, मी स्वतः आणून देईन, बारीक केलेलं, आयतं. अशा तऱ्हेने मी त्यांच्यावर उपकारसुद्धा करून ठेवला.

पहिल्यांदा कापलं ते एका सकाळी. मशीन सुरेख चाललं, हे बोळातसुद्धा घालून आले आणि कढीपत्त्याभोवती गिरकी मारून लहान मुलासारखे हसले. पिशवी गच्च भरली. लगेच न्यावी, तर मला गोठ्यापर्यंत जायचं जिवावर आलं. शेवटी दुपार टळल्यावर स्कुटीवर पायांपाशी पिशवी ठेवून निघाले. गावठाणाच्या वळणावर माझ्या पोटऱ्यांना ऊब लागली. मी गाडी थांबवून पिशवीत हात घातला. आत वाफ होती.

त्या वाफेशी माझी ओळख जुनी आहे. मी सहावीत की सातवीत असेन. तू भारा आणून टाकलास आणि मला म्हणालीस, सोड आणि सावलीत पसर, मी पाणी घेऊन येतो. मी पुस्तक घेऊन बसले ते बसलेच. तू आलीस तेव्हा भारा तसाच बांधलेला. तू ओरडली नाहीस. माझं मनगट धरून माझा हात भाऱ्याच्या मध्यात खुपसलास आणि धरून ठेवलास. "कसं लागतंय? तापलंय न्हवं? हे खाऊन कुणाची म्हस फुगली, मेली, तर तेंच्या घरी काय सांगायचं? माझी लेक वाचत बसलीती?" मग सगळा भारा उकिरड्यावर टाकलास. त्या दिवशी आपण बाजाराला गेलो नाही, आणि संध्याकाळी चुलीवर काय होतं तेही मला आठवतं, ते लिहीत नाही. तेव्हापासून मला हे माहीत आहे की ओलं गवत दाबून ठेवलं की तापतं आणि तापलेलं जनावराला घालायचं नसतं. बारीक केलेलं तर नाहीच. हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत आहे.

वहिनी माळावर गेल्या होत्या. गोठ्यात त्यांची सासू होती, डोळ्यांतला मोतीबिंदू एवढ्यात वाढलेला, हाताने चाचपत चाललेली. म्हैस नुकतीच व्यालेली, शेजारी रेडकू. "बाईसाहेब, तुमी कशाला आलासा, सांगावा धाडायचा की," म्हणत तिने पिशवी घेतली आणि गवतात हात घातला. "गरम लागतंय ओ?" मी तिथेच सांगायला हवं होतं, आजी, हे घालू नका, टाकून द्या, तापलंय. पण शाळेच्या बाईसाहेबांना, ज्यांच्यात कुणी गवत कापलं नाही, हे कुठून कळलं असतं? एवढाच विचार आला बघ डोक्यात, आणि तोंडातून निघालं, "मशीनमधून निघालंय ना, म्हणून." म्हातारीने विश्वास ठेवला. मशीनचं काहीही असू शकतं, असा तिचा चेहरा. तिने सगळी पिशवी गव्हाणीत रिकामी केली. मी स्कुटी वळवली. वळणावर एकदा थांबले होते. परत गेले नाही.

दुसऱ्या सकाळी हे रिकामी किटली घेऊन आले. "म्हैस फुगलीय. रात्रीपासून जनावरांचे डॉक्टर तिथेच आहेत. वहिनी पार खचून गेल्यात, एकच तर जनावर." मी कांदा चिरत होते, चिरत राहिले. जाऊन ये म्हणाले, तर गुडघा दुखतोय म्हटलं. म्हैस वाचली, आई. एवढं सांगून टाकते, तू वाट बघत असशील. पण दूध आटलं, रेडकाला पाजायचे वांधे, रतिबाची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, आणि या सगळ्या दिवसांत मी एकदाही तिकडे फिरकले नाही.

आज सकाळी वहिनी आल्या. फाटकाबाहेरच उभ्या, हातात ती मशीनची पिशवी, स्वच्छ धुऊन घडी घातलेली. मला वाटलं आता बोलतील. बोलाव्यात असंही वाटलं. "म्हस रवंथ कराय लागली," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, ते गवत..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या ओ. सासूनं जेवान सोडलंय. रोज गव्हाणीपाशी बसून रडती. म्हणती, हाताला गरम लागल्यालं, जलम गेला माझा ह्यात, तरीबी घातलं, माझंच डोस्कं फिरलं. मी म्हटलं, तुमास्नी दिसत न्हाय, तुमचा काय दोष? अन् बाईंचा बी न्हाय. तेंच्यात कुणी विळा धरलाय व्हय? तेंना काय ठावं." मग मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी फाटकाशी वाढलेलं मूठभर गवत उपटलं आणि माझ्यासमोर फरशीवर पसरून दाखवलं. "हे बगा बाई, असं इस्काटून टाकायचं. वारा लागाय पायजे. ढीग केला की तापतंय. आता ध्यानात ठेवा." मी वाकून बघत होते. शिकणाऱ्या माणसासारखी मान हलवत होते. आणि म्हणाले, "असं असतं होय. मला खरंच माहीत नव्हतं."

त्या गेल्यावर आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी आत येऊन ही वही उघडली. दुपार उलटून गेली आहे. यांनी दोनदा विचारलं काय लिहितेस, मी म्हटलं, आईला. ते चहा ठेवून गेले, तो निवून गेला. हे काही पोस्टात टाकायचं नाहीच. पण आत्ता वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की तुला सांगितलं त्यातलं एकही वाक्य तुझ्यासाठी नव्हतं. ते एका म्हातारीला जाऊन सांगायला हवं, तिला वाचता येत नाही, तोंडानेच सांगावं लागेल. ती दोन गल्ल्या पलीकडे न जेवता बसली आहे. आणि मी तुला लिहीत बसले, कारण तू वाचणार नाहीस.